बॉनेटपुढचे अडीच मीटर: सर्वेक्षणाच्या गाडीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण भूजलाचं सर्वेक्षण करणाऱ्या एका छोट्या संस्थेतलं आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून संस्थेचं नाव, ठिकाण, गाडीचं मॉडेल आणि माणसांची नावं गाळली आहेत. त्या काळात मी तिथलं कार्यालय सांभाळत होतो. गाड्यांची नोंदवही, दुरुस्ती, चालकांच्या पाळ्या हे सगळं माझ्याकडे होतं. या प्रकरणातल्या सर्वांत मोठ्या चुकीवर माझी सही आहे, म्हणून ते लिहायचीही जबाबदारी माझीच.

संस्थेकडे स्वतःची एकच गाडी होती. लॅडर फ्रेमवर, म्हणजे शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर बांधलेली, हळू पण जोरात ओढणारा लो रेंज गिअर असलेली, चारही चाकांना इंजिनचा जोर देता येणारी दणकट फोर बाय फोर. क्षेत्रप्रमुखांनी ती विचार करून निवडली होती. ओढ्यातून पलीकडे जाणं, सैल मुरमाच्या चढावर यंत्रं नेणं, रुतलेली दुसरी गाडी दोर लावून ओढणं ही कामं साध्या गाडीकडून होत नाहीत. घेतल्यानंतर तिच्या अंगावर आणखी बरंच चढलं: पाच सेंटिमीटर उंची वाढवणारी लिफ्ट किट, पुढे जाड लोखंडी बुल बार, चिखलासाठीचे मोठ्या ठोकळ्यांचे मड टेरेन टायर, टपावर कॅरिअर आणि त्यावर जादा स्टेपनी व पाण्याचे कॅन. प्रत्येक गोष्टीमागे एखादा वाईट अनुभव होता. हौस म्हणून काहीच बसवलेलं नव्हतं.

पण गाडी एकच असल्यामुळे बँकेत, बैठकांना, पाहुण्यांना आणायला, टपाल टाकायलाही तीच जायची. कार्यालय एका अरुंद गल्लीत, आणि गल्लीच्या टोकाला शाळा. पुढे आम्ही वर्षभराची नोंदवही उघडली तेव्हा दिसलं, की दर पाच दिवसांपैकी चार दिवस ही गाडी डांबरावरच होती. तोवर हा हिशेब कुणी मांडलाच नव्हता. मीसुद्धा नाही, आणि वही माझ्याच टेबलावर असायची.

अशा गाड्यांचा जन्म रस्ता नसलेल्या जागांसाठी झाला. दुसऱ्या महायुद्धातली जीप, मग १९४८ मध्ये शेतीकामासाठी आलेली लँड रोव्हर. १९७० च्या रेंज रोव्हरने त्यात आराम आणला आणि पुढच्या काही दशकांत उंच गाडी ही कुटुंबाची गाडी झाली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये जगभरात विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी ४८ टक्के एसयूव्ही होत्या. यातल्या बहुतेक नावालाच ऑफ-रोड. साध्या मोटारीच्या सांगाड्यावर उंच अंग चढवलेल्या. आमची तशी नव्हती. म्हणूनच आमच्या कार्यालयातल्या वादात ‘दिखाऊपणा’ हा शब्द कुणाला वापरता आला नाही, आणि वाद मुद्द्यावर यायला त्याची मदत झाली.

घटना

शाळा सुटायची वेळ. गाडी कार्यालयाच्या फाटकाबाहेर उभी, इंजिन चालू, क्षेत्रप्रमुख शेजारच्या सीटवर कागद चाळत बसलेले. स्टिअरिंगवर आमचे सर्वांत जुने चालक. सगळे त्यांना काका म्हणायचे. वीस वर्षांहून जास्त नोकरी आणि एकही अपघात नाही. काकांनी आरसे बघितले, डावीउजवीकडे पाहिलं, हॉर्न दिला आणि क्लच सोडला.

गाडीच्या नाकासमोर पहिलीतला एक मुलगा बुटाची नाडी बांधायला खाली बसला होता. वॉचमनने ओरडत बॉनेटवर थाप मारली. काकांनी ब्रेक दाबला तेव्हा बुल बार मुलाच्या दप्तराला टेकला होता. मुलाला खरचटलंही नाही. काका मात्र खाली उतरले आणि तिथेच फाटकाला टेकून बसले. त्यांचे हात थरथरत होते. पाणी दिलं ते त्यांनी नुसतं हातात धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाची आई आली. आवाज न चढवता तिने एवढंच विचारलं, “तुमच्या चालकाला माझा मुलगा दिसलाच नाही असं तुम्ही म्हणता. मग जिच्यातून मूल दिसत नाही ती गाडी शाळेच्या गल्लीत येतेच कशी?”

पहिला निर्णय, आणि तो का चुकला

संचालक मॅडम हादरल्या होत्या. काहीतरी तातडीने केलं पाहिजे, असं सगळ्यांनाच वाटत होतं. दुपारपर्यंत काकांच्या नावाने लेखी समज तयार झाली: ‘वाहन सुरू करताना पुरेशी दक्षता न घेतल्याबद्दल.’ मजकूर मी टाइप केला, सही मी केली आणि काकांच्या हातात मीच दिली. त्यांनी वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, “साहेब, एकदा माझ्या सीटवर बसून बघा, मग सांगा.”

मी बसलो नाही. वेळ नाही, असं म्हणालो. या प्रकरणात मला सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट ही आहे. त्या कागदाने आम्हा सगळ्यांना मोकळं वाटलं. चूक एका माणसावर ठेवली की गाडीबद्दल, गल्लीबद्दल, एकाच गाडीवर संस्था चालवण्याबद्दल प्रश्न विचारावे लागत नाहीत.

शेवटी सीटवर बसली ती आमची नवी भूवैज्ञानिक. तिने कुणाला न विचारता मोजपट्टी आणि सर्वेक्षणाची काठी काढली.

मोजमाप

साठ सेंटिमीटरची काठी म्हणजे खाली बसलेल्या लहान मुलाची साधारण उंची. ती बुल बारपासून हळूहळू लांब नेत गेलो. काकांच्या सीटवरून काठीचं टोक दिसायला लागलं ते अडीच मीटरवर. अलीकडे सगळं आंधळं. डांबरावर ओढलेली खडूची रेघ तर पाच मीटरच्या आसपास दिसली. तीच काठी हिशेबनीसांच्या छोट्या हॅचबॅकसमोर धरली, तेव्हा ती अर्ध्या मीटरवर दिसली.

गल्लीतच उभं राहून आम्ही हे मोजलं. एकेक जण सीटवर बसून गेला. मॅडम बसल्या, मीही बसलो. उंचावर बसल्यावर दूरचं छान दिसतं, पुढच्या चार गाड्यांच्या टपांवरून नजर जाते, आणि त्यामुळेच आपल्याला सगळं दिसतंय असा विश्वास वाटतो. जवळचं नेमकं त्याच वेळी झाकलेलं असतं. काकांचा मुद्दा खरा होता: आरसे कितीही बघा, हॉर्न कितीही द्या, तो मुलगा त्या सीटवरून दिसणं शक्यच नव्हतं. अनेक ठिकाणी मागचा कॅमेरा कायद्याने आला आहे, अमेरिकेत २०१८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा आहे. नाकासमोरच्या या पट्ट्याकडे मात्र त्या मानाने फार कमी लक्ष गेलं आहे.

दुसरी बाब उंचीची. बुटक्या मोटारीची धडक पायाला बसते आणि माणूस बॉनेटवर पडतो. उंच, सपाट नाकाची गाडी छातीला किंवा कमरेला धडकते, लहान मुलाच्या डोक्याला, आणि माणूस पुढे जमिनीवर फेकला जातो. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये सुमारे १८ हजार अपघात तपासले. ज्यांच्या बॉनेटची पुढची कड ४० इंचांहून, म्हणजे साधारण एक मीटरहून उंच आहे, त्या गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या नाकाच्या मोटारींपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त निघाली. आमच्या गाडीची कड एक मीटर वीसवर होती. त्यात पुढे लोखंडी बार. समोरचा पत्रा दबून धडकेचा थोडा तरी जोर शोषतो. घट्ट बसवलेला बार ते होऊ देत नाही, आणि त्याच्यामुळे एअरबॅगच्या सेन्सरची वेळही चुकू शकते.

वजनाचा हिशेब सरळ आहे. २४०० किलोची गाडी ताशी ३० च्या वेगात जेवढी ऊर्जा घेऊन येते, तेवढी १२०० किलोच्या गाडीला यायला वेग ४२ पर्यंत न्यावा लागतो. गल्लीत हळू चालवतो म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

वाद

बैठक तीन तास चालली. क्षेत्रप्रमुख चिडलेले होते आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. “अहो मॅडम, मागच्या पावसाळ्यात आठ माणसं ओढ्यापलीकडे अडकली होती. याच गाडीने बाहेर काढली. गल्लीत एक प्रसंग घडला म्हणून तिला गुन्हेगार ठरवायचं?”

जड गाडी आतल्या माणसांना जास्त सुरक्षित ठेवते, असंही ते म्हणाले. अर्धं बरोबर. फार हलक्या गाडीपेक्षा मध्यम वजनाची गाडी आतल्यांना नक्की वाचवते, पण सरासरीच्या पुढे आणखी वजन चढवल्याने त्यांच्या पदरात फार काही पडत नाही आणि समोरच्याचा धोका वाढत जातो. त्यांच्या बाजूचा एक पुरावाही मी बैठकीत ठेवला होता, तो इथेही सांगतो. त्याच अमेरिकी संस्थेच्या नोंदीप्रमाणे १९८९ ते ९२ या काळात एसयूव्हीच्या धडकेत समोरच्या मोटारीतला चालक दगावण्याचं प्रमाण मोटारीच्या धडकेपेक्षा १३२ टक्क्यांनी जास्त होतं. २०१३ ते १६ पर्यंत ते २८ टक्क्यांवर आलं. उत्पादकांनी पुढचे भाग मोटारीच्या बंपरच्या उंचीला जुळवून घेतले, हे त्यामागचं एक मोठं कारण. म्हणजे रचना बदलली की फरक पडतो. पण आम्ही तर लिफ्ट किट लावून ती जुळवलेली उंची पुन्हा बिघडवली होती.

एका तरुण सहकाऱ्याचा समज वेगळाच होता. पावसात फोर व्हील ड्राइव्हमुळे गाडी चांगली थांबते, असं त्याला वाटायचं. फोर व्हील ड्राइव्ह चाकांना पुढे ढकलायला मदत करतो. थांबायचं काम ब्रेक आणि टायर करतात, आणि मड टेरेन टायरचे एकमेकांपासून दूर असलेले ठोकळे ओल्या डांबरावर साध्या टायरपेक्षा कमी पकडतात. शिवाय आमच्या गाडीचा फोर बाय फोर ‘पार्ट टाइम’ प्रकारचा, म्हणजे गरजेपुरताच जोडायचा. कोरड्या रस्त्यावर तो जोडून वळलं की पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापू पाहतात, त्यांना ते करता येत नाही आणि सगळा ताण पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसवर येतो. या पठ्ठ्याने ती तशी दोन महिने शहरात चालवली होती. दुरुस्तीची बिलं वाढल्याचं कारण बैठकीत असं अचानक सापडलं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय: गाडी विकायची आणि गरजेला भाड्याने घ्यायची. भाड्याच्या गाडीबरोबर दोर, रुतलेली गाडी ओढून काढणारी विंच आणि ती वापरता येणारा चालक मिळतोच असं नाही, म्हणून तो मागे पडला. मला आजही वाटतं की तो योग्य कारणाने मागे पडला.

दुसरा: गाडी तशीच ठेवून पुढे कॅमेरा बसवायचा. सगळ्यांत स्वस्त आणि म्हणून सगळ्यांचा लाडका.

तिसरा: शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी गल्लीत गाडी आणायची नाही. चांगला नियम, पण मुलं काही घड्याळ लावून खेळत नाहीत.

चौथा हिशेबनीसांचा. शहरातल्या प्रत्येक फेरीचा जादा आकार त्या त्या विभागाच्या खर्चात टाकायचा. त्यांनी पॅरिसचं उदाहरण दिलं. तिथे फेब्रुवारी २०२४ मध्ये मतदान झालं आणि जड गाड्यांचा पार्किंग आकार तिप्पट करायला सुमारे ५४.५ टक्के कौल मिळाला, १.६ टनांहून जड इंधनाच्या आणि हायब्रीड गाड्यांना, २ टनांहून जड विद्युत गाड्यांना. मतदानाला मात्र सहा टक्केही लोक आले नव्हते. त्या नियमातून कामासाठी गाडी वापरणाऱ्या काही व्यावसायिकांना सूट आहे. यावर नव्या भूवैज्ञानिकाने जे म्हटलं, त्याने चर्चेचा रोख बदलला: “आपली गाडीही कामाचीच आहे. कामाची आहे म्हणून तिच्यातून काठी लवकर दिसत नाही.” गरज खरी असणं आणि गाडी त्या गल्लीत निर्धोक असणं या दोन गोष्टी आम्ही तोवर एकच समजत होतो.

पाचवा: मोठी गाडी दूरच्या क्षेत्रकेंद्रावर ठेवायची आणि शहरासाठी छोटी गाडी भाड्याने घ्यायची. खर्च वाढणार होता, क्षेत्रप्रमुखांना अडचण होणार होती आणि मॅडमना पाहुण्यांपुढे छोट्या गाडीतून उतरावं लागणार होतं. ही शेवटची अडचण त्यांनी स्वतः बोलून दाखवली, आणि त्या प्रामाणिकपणाबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

केलेली कृती

आधी बदल करून मोजायचं आणि मग ठरवायचं, असं ठरलं. लिफ्ट किट काढून सस्पेन्शन मूळ उंचीवर आणलं. बुल बार उतरवला. टायर बदलून डांबरावर आणि कच्च्या वाटेवरही चालणारे ऑल टेरेन घातले. टपावरचं सामान फक्त मोहिमेच्या दिवशी चढवायचं ठरलं. हे सामान वरवर किरकोळ वाटतं, पण गाडी उलटण्याचा संबंध चाकांमधल्या रुंदीशी आणि गुरुत्वमध्याच्या उंचीशी असतो. रुंदीच्या निम्म्याला त्या उंचीने भागलं की जो आकडा येतो, तो साध्या मोटारीत साधारण १.३ ते १.५ असतो आणि उंच गाड्यांत १.० ते १.३. टपावर चढवलेला प्रत्येक कॅन तो आकडा आणखी खाली ओढतो. हेडलाइटही पुन्हा खाली वळवून घेतले. लिफ्ट केल्यापासून त्यांचा झोत समोरच्यांच्या डोळ्यांत जात होता आणि समोरून येणाऱ्यांनी दिलेल्या डिपरचा अर्थ आमच्या लक्षातच आला नव्हता.

काकांची सीट उंच केली. मग पुन्हा काठी धरली.

अडीचाचे जेमतेम दोन मीटर झाले.

एवढा खटाटोप करूनही बसलेलं मूल दोन मीटरपर्यंत अदृश्यच होतं. कॅमेरा बसवला, तो चिखलाने माखायचा, आणि तो पुसायची आठवण फक्त काकांना राहायची. त्या दुपारी मॅडमनी पाचवा पर्याय मान्य केला. गाडी क्षेत्रकेंद्रावर गेली. गल्लीत तिला आणावंच लागलं तर लेखी कारण, बरोबर दुसरा माणूस, आणि गाडी हलण्याआधी त्याने उतरून पुढे उभं राहायचं.

लेखी समज मागे घेतली. मी काकांच्या घरी जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, “कागद तुम्ही परत घेतला, बरं केलंत. पण मला झोप त्या कागदामुळे लागत नव्हती असं नाही हो.”

परिणाम

गल्लीतल्या फेऱ्या छोट्या गाडीने होऊ लागल्या. वळताना दोनदा मागेपुढे करणं थांबलं, आणि वॉचमन म्हणाला की शाळेच्या रिक्षावाल्यांची कटकटही कमी झाली. इंधनाचा खर्च उतरला; छोट्या गाडीच्या भाड्याचा सगळा बोजा त्यातून निघाला नाही, थोडा निघाला.

तोटेही झाले. एकदा तातडीच्या कामाला गाडी केंद्रावर अडकली आणि सर्वेक्षणाचा एक दिवस वाया गेला. क्षेत्रप्रमुखांनी तो दिवस पुढच्या प्रत्येक बैठकीत काढला, आणि ते चूक नव्हते.

नियम मोडलाही गेला. तीन महिन्यांनी मोठे पाहुणे येणार होते आणि मॅडमनी केंद्रावरून गाडी मागवली. कारणाच्या रकान्यात ‘पाहुणे’ लिहून मी गप्प बसलो. अडवलं काकांनी. त्यांनी गाडी गल्लीच्या बाहेर, मोठ्या रस्त्यावर उभी केली आणि फोनवर सांगितलं, “मॅडम, पाहुण्यांना इथपर्यंत चालत आणा, मी दार उघडून उभा आहे.” पाहुणे चालत गेले.

काय वेगळं करता आलं असतं

खरेदीच्या वेळीच नोंदवही बघायला हवी होती. सर्वांत अवघड दिवसासाठी गाडी निवडली, आणि उरलेल्या दिवसांत ती कुठे फिरणार हे विचारलंच नाही. दोन वेगळ्या गरजांना एक गाडी पुरवायची ही काटकसर आमच्या डोळ्यांसमोर होती. तिची किंमत गल्लीतली मुलं मोजणार होती, ती दिसत नव्हती.

लिफ्ट किट, बार, टायर हे तीन वेगवेगळ्या वर्षी, तीन वेगवेगळ्या अनुभवांनंतर आले. त्यांचा एकत्र परिणाम कुणीच तपासला नाही. दर बदलानंतर दहा मिनिटं काठी धरली असती तरी पुरलं असतं.

चालकांना बैठकीत बोलवायला हवं होतं. तीन तासांच्या त्या चर्चेत काका बाहेर बाकावर बसले होते, आणि आम्ही आत त्यांच्या सीटवरून काय दिसतं याबद्दल बोलत होतो.

आणि त्या आईला उत्तर द्यायला हवं होतं. गाडी हलवली, नियम केले, पण तिला कुणी कळवलं नाही. मला वाटलं, तिला गल्लीत दिसेलच. काही महिन्यांनी ती फाटकाशी थांबली आणि मला विचारलं, “ती गाडी विकली का?” मी सगळं सांगितलं, काठीचंसुद्धा. तिने मुलाला जवळ ओढून विचारलं, “अडीच मीटर म्हणजे केवढं?” मी फाटकापासून मोठी तीन पावलं चालत गेलो आणि तिथे उभा राहिलो.